दोनशे सोळा रेणूंचे पाणी

विशिष्ट उष्णतेचा प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेत बहुतेकांनी केलेला असतो. तांब्याचे भांडे, तापमापी, ढवळणी आणि थोडी आकडेमोड एवढ्या साहित्यावर उत्तर निघते. एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवायचे तर त्याला सुमारे ४.१८ ज्यूल उष्णता द्यावी लागते. बर्फाला किंवा वाफेला याच्या साधारण निम्मीच उष्णता पुरते. चहाचे आधण तापायला लागणारा वेळ आणि भर उन्हाळ्याच्या दुपारी समुद्रावरून किनाऱ्याकडे येणारा वारा, या दोहोंचे मूळ या एका आकड्यात आहे.

पाण्याला हातही न लावता, भांडे न तापवता, केवळ रेणूंच्या हालचालींचे गणित मांडून हाच आकडा काढता येईल का? गेली पन्नासहून अधिक वर्षे या प्रश्नाचा पाठपुरावा चालू आहे. उत्तर ‘होय’ असे आहे. पण त्या ‘होय’मागे इतक्या अटी दडलेल्या आहेत, की त्यांतील एका अटीवरून जगातील दोन अग्रगण्य संशोधनगटांत सात वर्षे वाद झडला. औषधांच्या शोधापासून ढगांतील बर्फाच्या अभ्यासापर्यंत अनेक क्षेत्रे आज या गणितावर विसंबून असल्याने त्या अटी समजून घेणे उपयुक्त ठरेल.

हैदराबादचे रेहमान

पाण्याचे रेणू कसे मांडलेले असतात, याचे पहिले विचारपूर्वक चित्र बर्नाल आणि फाउलर यांनी १९३३ मध्ये रेखाटले. ते संगणकापूर्वीचे युग होते. १९६९ मध्ये बार्कर आणि वॉट्स यांनी ६४ रेणू घेऊन पाण्याचे पहिले संगणकीय अनुकरण केले. त्यांची पद्धत ‘मॉण्टे कार्लो’ म्हणून ओळखली जाते. तीत रेणू यदृच्छेने थोडे सरकवून पाहायचे आणि संभाव्यतेच्या नियमानुसार ती हालचाल स्वीकारायची किंवा नाकारायची असते. परंतु खऱ्या अर्थाने ‘वाहणारे’ पाणी संगणकात प्रथम दिसले ते १९७१ मध्ये. अनीसुर रेहमान आणि फ्रँक स्टिलिंजर यांचा तो शोधनिबंध या विद्याशाखेचा पायाचा दगड मानला जातो.

रेहमान मूळचे हैदराबादचे. १९२७ साली जन्मलेले रेहमान उस्मानिया विद्यापीठात अध्यापन करून पुढे अमेरिकेतील अरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत गेले. तेथे १९६४ मध्ये त्यांनी ८६४ अणूंच्या द्रवरूप आरगॉनचे अनुकरण करून दाखवले होते. आरगॉन हा साधा, गोल अणूंचा पदार्थ. पाण्याची गोष्ट वेगळी. त्याच्या रेणूला आकार आहे, दिशा आहे, एका बाजूला ऋण आणि दुसरीकडे धन विद्युतभार आहे, आणि शेजाऱ्यांशी हायड्रोजन बंध जोडण्याची ओढ आहे. रेहमान आणि स्टिलिंजर यांनी अवघे २१६ रेणू घेतले. एवढे पाणी मावायला ज्याची बाजू दोन नॅनोमीटरहूनही कमी आहे असा घन पुरतो. त्याच्या तुलनेत पाण्याच्या एका थेंबात रेणूंची संख्या एकावर एकवीस शून्ये या पल्ल्यात जाते. संगणकीय भौतिकीतील कामगिरीसाठी अमेरिकन फिजिकल सोसायटी जे पारितोषिक देते, ते आज रेहमान यांच्या नावाने दिले जाते. आपल्याकडे मात्र हे नाव फारसे परिचित नाही.

पेटीतला हिशेब

एवढ्याशा पेटीत निम्म्याहून अधिक रेणू भिंतीलगत येतील आणि ते पाणी पाण्यासारखे वागणार नाही, ही पहिली अडचण. तिच्यावरचा तोडगा मजेदार आहे. जुन्या मोबाइल फोनवरील सापाच्या खेळात साप पडद्याच्या उजव्या कडेतून बाहेर पडला की डावीकडून आत येई. तसेच येथे करतात. पेटीतून बाहेर पडणारा रेणू समोरच्या बाजूने त्याच वेगाने परत आत येतो. त्यामुळे पेटीला भिंतच उरत नाही. जणू तीच पेटी सर्व दिशांना अनंत वेळा मांडलेली असते.

पुढचा हिशेब न्यूटनच्या नियमांचा. प्रत्येक रेणूवर इतर रेणूंचे बल किती, ते काढायचे. २१६ रेणूंच्या २३,२२० जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीत अनेक अंतरे मोजावी लागतात. बल कळले की रेणू किंचित पुढे सरकवायचा आणि पुन्हा सगळी बले काढायची. हे पाऊल साधारणतः एका फेम्टोसेकंदाचे, म्हणजे एका सेकंदाचे एकावर पंधरा शून्ये इतके भाग केले तर त्यांतील एका भागाचे असते. अशी दहा लाख पावले चालली, तेव्हा कुठे एक नॅनोसेकंद पुरा होतो.

मग यातून विशिष्ट उष्णता कशी मिळते? पेटीला प्रत्यक्ष ‘तापवून’ पाहता येते. दोन तापमानांना सरासरी ऊर्जा किती, ते पाहून फरकाला भागाकार करायचा. पण याहून सुंदर मार्ग आहे आणि त्याचे सूत्र आइन्स्टाइन यांनी १९०४ मध्येच मांडले होते. तापमान स्थिर ठेवले तरी पेटीतील एकूण ऊर्जा स्थिर राहत नाही. ती सतत थोडी वर, थोडी खाली होत असते. या चढउतारांचा आवाका आणि उष्णता साठवण्याची क्षमता यांचे थेट नाते आहे. ज्या पदार्थाची क्षमता मोठी, त्याच्या ऊर्जेची हेलकावण्याची मुभाही मोठी. म्हणजे पाणी न तापवता, ते नुसते किती ‘थरथरते’ हे पाहून ते किती उष्णता पोटात घेईल हे सांगता येते.

हीच युक्ती इतर गुणधर्मांनाही लागू पडते. दाब स्थिर ठेवून पेटीला आकुंचन-प्रसरणाची मोकळीक दिली, तर तिच्या घनफळाच्या चढउतारांवरून पाणी किती दाबले जाऊ शकते ते कळते. घनफळ आणि ऊर्जा यांच्या चढउतारांची सांगड पाहिली की तापमानामुळे होणारे प्रसरण समजते. सामान्य द्रवात ऊर्जा वाढते त्या क्षणी घनफळही बहुधा वाढलेले असते. चार अंश सेल्सिअसखालच्या पाण्यात मात्र उलटे दिसते. तेथे ऊर्जा वाढली की हायड्रोजन बंधांची ऐसपैस जाळी मोडते आणि रेणू दाटीवाटीने बसतात. पाण्याची घनता चार अंशांना सर्वाधिक का असते, या शालेय प्रश्नाचे उत्तर असे रेणूंच्या वहीखात्यात प्रत्यक्ष दिसते.

गमतीचा भाग असा, की पेटी लहान असणे येथे पथ्यावर पडते. बादलीभर पाण्यात हे चढउतार सरासरीच्या तुलनेत इतके नगण्य होतात, की दिसणारच नाहीत. मात्र सरासरी लवकर स्थिरावते, चढउताराचा आवाका स्थिरावायला फार वेळ लागतो. घनता सांगायला पुरेशी ठरलेली गणना विशिष्ट उष्णता सांगायला अपुरी पडू शकते. घाईने थांबवलेल्या गणनेचा आकडाही छापला की सुबकच दिसतो, आणि धोका नेमका तेथे असतो.

काही राशी तर अशा, की रेणूंची कितीही छायाचित्रे घेतली तरी त्या कोणत्याही एका छायाचित्रात सापडत नाहीत. एंट्रॉपी आणि मुक्त ऊर्जा या त्यांतल्या प्रमुख. पाणी गोठावे की द्रव राहावे, औषधाचा रेणू प्रथिनाच्या खाचेत बसावा की बाहेर राहावा, याचा निवाडा मुक्त ऊर्जा करते. ती काढण्यासाठी एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत पायरीपायरीने जावे लागते. सिंहगडाची उंची एका नजरेत सांगता आली नाही, तर पायथ्यापासून प्रत्येक पायरीची चढण मोजून बेरीज करावी, तसा हा प्रकार. रेणूंवरील विद्युतभार थोडाथोडा कमी करत नेतात आणि प्रत्येक टप्प्याला लागणारे कार्य मोजून बेरीज करतात. बेरीज चुकली तर परिणाम काय होतो? औषधाच्या बाबतीत मुक्त ऊर्जेत एका मोलमागे सुमारे ५.७ किलोज्यूल इतकी चूक झाली, की प्रथिनावरील पकडीचा अंदाज दहापटींनी चुकतो. पाण्याची बाष्पीभवनाची उष्णता एका मोलमागे सुमारे ४४ किलोज्यूल आहे, हे लक्षात घेतले तर ही चूक किती लहान आहे ते ध्यानात यावे.

कोणते पाणी?

आता मुख्य अटीकडे वळू. रेणूंतील बल किती, हे संगणकाला कोण सांगते? ते माणूस सांगतो. पाण्याच्या रेणूचे एक सोपे प्रारूप तयार करावे लागते. भार कोठे ठेवायचे, किती ठेवायचे, रेणू एकमेकांना किती जवळ येऊ देतील, हे सारे प्रारूप बनवणाऱ्याने ठरवलेले असते. हर्मन बेरेंडसेन यांच्या गटाने १९८१ मध्ये ‘एसपीसी’ हे तीन बिंदूंचे प्रारूप दिले. विल्यम जॉर्गेन्सन यांच्या गटाने १९८३ मध्ये ‘टिप३पी’ आणि ‘टिप४पी’ सादर केली. १९८७ मध्ये बेरेंडसेन आणि सहकाऱ्यांच्या लक्षात आले, की द्रवात शिरलेल्या रेणूचा भार शेजाऱ्यांमुळे ताणला जातो आणि त्या ताणाची ऊर्जाकिंमत आपण हिशेबात धरलेलीच नाही. ती धरून ऑक्सिजनवरील भार ०.८२ वरून ०.८४७६ इतका, म्हणजे जेमतेम तीन टक्क्यांनी वाढवला, आणि पाण्याची घनता व रेणूंच्या भटकंतीचा वेग या दोन्ही गोष्टी सुधारल्या. तीन टक्क्यांत एवढा फरक पडत असेल, तर हा पाया किती नाजूक आहे याची कल्पना येते.

ही नाजूकता सर्वांत स्पष्ट दिसली ती बर्फाच्या परीक्षेत. पेटीचा अर्धा भाग बर्फाने भरायचा, अर्धा पाण्याने. तापमान स्थिर ठेवून दोहोंमधील सीमा कोणीकडे सरकते ते पाहायचे. बर्फ वाढू लागला तर तापमान वितळणबिंदूच्या खाली, विरघळू लागला तर वर. माद्रिदच्या कॉम्प्लुटेन्से विद्यापीठातील कार्लोस वेगा, होसे आबास्काल आणि सहकाऱ्यांनी या मार्गाने व मुक्त ऊर्जेच्या गणिताने, दोन्ही बाजूंनी, प्रचलित प्रारूपांची झडती घेतली. निष्कर्ष धक्कादायक होते. टिप४पी प्रारूपाचा बर्फ सुमारे उणे ४१ अंश सेल्सिअसला वितळतो. एसपीसीच्या सुधारित आवृत्तीचा उणे ५८ अंशांना. आणि टिप३पीचा? सुमारे उणे १२७ अंशांना!

हे टिप३पी म्हणजे अडगळीतले प्रारूप नव्हे. प्रथिने, डीएनए आणि औषधे यांच्या असंख्य अनुकरणांत हेच पाणी भोवती ओतलेले असते. त्यातील रेणू खऱ्या पाण्याच्या दुपटीहून अधिक चपळाईने भटकतात. मग ते वापरतात कशाला? प्रथिनांच्या बलांचे गणित जेव्हा बसवले गेले, तेव्हा ते याच पाण्याच्या संगतीत बसवले गेले. आता एक बाजू बदलली तर दुसरीही बदलावी लागते. खोलीच्या तापमानाला या पाण्याची घनता आणि बाष्पीभवनाची उष्णता ठीक येते, म्हणून काम चालते. पण जेथे पाण्याला थंडीत उतरायचे आहे, तेथे त्याच्यावर विसंबणे म्हणजे मुंबईच्या छत्रीवर हिमालयात जाणे होय.

माद्रिदच्या गटाने त्यावर २००५ मध्ये ‘टिप४पी/२००५’ हे प्रारूप दिले. त्याची सर्वाधिक घनता २७८ केल्व्हिनला, म्हणजे जवळपास पाच अंश सेल्सिअसला येते. खऱ्या पाण्याशी हे जवळजवळ तंतोतंत जुळते. तरीही त्याचा बर्फ उणे २१ अंशांनाच वितळतो. वितळणबिंदू शून्याजवळ आणायचा तर त्याच वर्षी खास बर्फासाठी बांधलेले ‘टिप४पी/आइस’ घ्यावे लागते. एक शिवले की दुसरे उसवते. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ७८ आहे; टिप४पी/२००५ तो साठच्या आतबाहेर दाखवते.

आणि विशिष्ट उष्णतेचे काय? या लेखाचा आरंभ ज्या आकड्याने झाला, तो या गुणी प्रारूपातून ४.१८ ऐवजी ४.९ ज्यूलच्या आसपास येतो. हा दोष प्रारूपाचा नसून न्यूटनच्या नियमांचा आहे. हायड्रोजनचे अणू इतके हलके, की त्यांच्या डोलण्याला पुंजयामिकीचे नियम लागू होतात. शंभराच्या नोटेखाली काहीच न स्वीकारणाऱ्या दुकानदाराप्रमाणे हे डोलणे ऊर्जा फक्त ठराविक मोठ्या हप्त्यांत घेते, आणि खोलीच्या तापमानाला हाताशी असते ती सुटी चिल्लर. न्यूटनचे गणित मात्र चिल्लरही जमा करून घेते आणि उष्णतेचा साठा फुगवून दाखवते. प्रत्येक अणूच्या जागी मण्यांची एक माळ घेऊन पुंजपरिणाम हिशेबात धरले, की आकडा खाली येतो. त्यासाठी संगणकाला कित्येक पट अधिक राबावे लागते.

सात वर्षांचा वाद

प्रारूप निवडले, गणना दीर्घकाळ चालवली, तरी आणखी एक जागा उरते. ती म्हणजे आज्ञावली.

पाणी अगदी शुद्ध असेल आणि काळजीपूर्वक थंड केले, तर ते शून्याखाली जवळजवळ उणे चाळीस अंशांपर्यंत द्रव राहते. उंच ढगांत असे अतिशीत थेंब सर्रास आढळतात. या पाण्याचे वागणे विलक्षण आहे. स्पीडी आणि अँजेल यांनी १९७६ मध्ये दाखवले, की तापमान उतरेल तशी त्याची दाबले जाण्याची क्षमता उणे ४५ अंशांकडे जाताना बेसुमार वाढू लागते. परंतु तेथे पोहोचण्याआधी पाणी गोठून जाते आणि प्रयोग हात टेकतो. १९९२ मध्ये बोस्टन विद्यापीठातील पूल, शोर्टिनो, एसमान आणि स्टॅन्ली यांनी स्टिलिंजर व रेहमान यांच्याच ‘एसटी२’ या १९७४ च्या प्रारूपाचा आधार घेऊन एक धाडसी कल्पना मांडली. अतिशीत पाणी एक नव्हे तर दोन प्रकारचे द्रव असू शकते, एक दाट आणि एक विरळ, आणि या दोहोंतील भेद एका क्रांतिक बिंदूपाशी मिटतो.

२०११ मध्ये बर्कली येथील डेव्हिड लिमर आणि डेव्हिड चँडलर यांनी त्याला आव्हान दिले. दुसरा द्रव म्हणून जो दिसतो, तो बर्फ होण्याच्या वाटेवरचे पाणी आहे, असे त्यांच्या गणनेतून निघत होते. प्रिन्स्टनचे पाब्लो डेबेनेडेट्टी यांच्या गटाला त्याच प्रारूपातून दोन द्रव स्पष्ट दिसत होते. २०१४ मध्ये जेरेमी पामर, डेबेनेडेट्टी आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या पद्धतींनी मुक्त ऊर्जा काढून ‘नेचर’मध्ये आपली बाजू मांडली. वाद मिटला नाही. प्रारूप तेच, तापमान तेच, दाब तोच; उत्तरे मात्र दोन. नैसर्गिक पाण्याबद्दल मतभेद असणे समजू शकते. पण हे तर माणसानेच लिहिलेल्या समीकरणांचे पाणी होते!

उत्तर अखेर बर्कलीच्या आज्ञावलीत सापडले. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक फेरीच्या आरंभी रेणूंना नवे वेग बहाल केले जात. ते बहाल करण्याच्या टप्प्यात चूक होती, आणि तिच्यामुळे रेणू सांख्यिकीच्या नियमाला अभिप्रेत असलेल्या प्रमाणात विविध अवस्थांना भेट देत नव्हते. ही चूक दुरुस्त करताच दोन द्रव अवतरले. पामर आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये हे प्रसिद्ध केले. चँडलर यांचे २०१७ मध्येच निधन झाले होते. आज्ञावली प्रारंभीच सर्वांसाठी खुली असती तर इतकी वर्षे गेली असती का, हा प्रश्न त्यानंतर या क्षेत्रात उघडपणे विचारला गेला, आणि तो रास्तच होता.

एसटी२ बद्दलचा वाद मिटला म्हणून खऱ्या पाण्याचा प्रश्न मिटत नाही, हेही खरे. त्या दिशेने २०२० हे वर्ष महत्त्वाचे ठरले. डेबेनेडेट्टी, शोर्टिनो आणि झेर्झे यांनी टिप४पी/२००५ आणि टिप४पी/आइस या दोन्ही प्रारूपांत दुसरा क्रांतिक बिंदू असल्याचे ‘सायन्स’मध्ये दाखवले. त्याच वर्षी स्टॉकहोमचे अँडर्स निल्सन आणि दक्षिण कोरियातील सहकारी यांनी क्ष-किरण लेसरच्या साह्याने, पाणी गोठण्यापूर्वीच्या निमिषार्धात, दाट द्रवाचे विरळ द्रवात होणारे रूपांतर टिपल्याचे जाहीर केले.

दरम्यान प्रारूपे बांधण्याची रीतही बदलते आहे. प्रयोगातील आकड्यांशी जुळवून भार ठरवण्याऐवजी रेणूंच्या जोड्या आणि तिकड्यांची ऊर्जा पुंजयामिकीतून काढून तिच्यावर प्रारूप बेतायचे, हा मार्ग सॅन डिएगोचे फ्रान्चेस्को पायसानी यांच्या गटाने ‘एमबी-पोल’ या प्रारूपात २०१३ पासून अवलंबला. प्रिन्स्टनच्या गटाने न्यूरल नेटवर्कला पुंजगणिते शिकवून २०२१ मध्ये पाण्याच्या आणि बर्फाच्या अनेक रूपांचा नकाशाच संगणकातून काढला. भार किती ठेवायचा, हे येथे कोणी हाताने ठरवत नाही. मात्र शिकवणीला दिलेले पुंजगणितच अंदाजे असेल, तर शिष्यही तोच अंदाज गिरवतो.

दुसऱ्या क्रांतिक बिंदूचा नेमका पत्ता अजून एकमताने ठरलेला नाही. २०२० च्या त्या निबंधात टिप४पी/२००५ ने तो १७२ केल्व्हिन, म्हणजे उणे १०१ अंश सेल्सिअसवर आणि १,८६१ बार दाबाला दाखवला; टिप४पी/आइसने १८८.६ केल्व्हिन आणि १,७३९ बारला. दोन्ही प्रारूपे एकाच घराण्यातली, एकाच वर्षी जन्मलेली, आणि तरी त्यांच्या उत्तरांत सोळाहून अधिक अंशांचे अंतर आहे.